‘सेवेची कार्यक्षमता’ : अमेरिकन मुलकी सेवेतील समलिंगी कर्मचाऱ्यांची बडतर्फी आणि न्यायालये (१९५०–१९७५)

१

कायद्यातील एखाद्या शब्दप्रयोगाचे चरित्र लिहिणे हा इतिहासलेखनाचा काहीसा उपेक्षित प्रकार आहे. राज्यकर्त्यांचा आणि चळवळींचा इतिहास लिहिला जातो. परंतु ज्या चारदोन शब्दांच्या आधाराने हजारो माणसांच्या उपजीविकेचा निकाल लागला, त्या शब्दांनी काळाच्या ओघात कोणती रूपे धारण केली हे पाहण्याकडे अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय असा एक शब्दप्रयोग आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९१२ साली संमत झालेल्या लॉइड–ला फॉलेट कायद्याने असे ठरविले की, परीक्षेच्या मार्गाने मुलकी सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यास ‘सेवेची कार्यक्षमता वाढेल’ अशाच कारणास्तव दूर करता येईल. शिवाय त्यास ती कारणे लेखी कळवावी लागतील व उत्तर देण्यास अवधी द्यावा लागेल.

हे कलम कर्मचाऱ्याच्या रक्षणार्थ रचले गेले होते. सुमारे चाळीस वर्षांनंतर त्याच कलमाचा आधार घेऊन, ज्यांच्या कामाविषयी कोणाची तक्रार नव्हती अशा स्त्रीपुरुषांना ती समलिंगी आहेत एवढ्याच कारणास्तव घरी पाठविण्यात आले. आणि त्यानंतर पंधरावीस वर्षांनी तेच कलम अशाच कर्मचाऱ्यांच्या साहाय्याला आले. मधल्या काळात कलमाचे शब्द बदलले नव्हते. बदलले ते एका प्रश्नाचे उत्तर : सांगितलेले कारण आणि सेवेची कार्यक्षमता यांचा संबंध कोणी सिद्ध करावयाचा, नोकरी देणाऱ्याने की नोकरी गमावणाऱ्याने? लैंगिक कलावरून नोकरीत होणारा भेदभाव आणि त्याविरुद्ध कर्मचाऱ्याला मिळालेले कायदेशीर हक्क यांचा इतिहास बऱ्याच अंशी या एका प्रश्नाचा इतिहास आहे, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२

हे कलम कोणत्या परिस्थितीत जन्मास आले ते प्रथम पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील सरकारी नोकऱ्या ही विजयी पक्षाची लूट समजली जाई. अध्यक्ष बदलला की टपालखात्यातील कारकुनापर्यंत सारी माणसे बदलावयाची, अशी प्रथा होती. १८८१ साली नोकरी न मिळाल्याने चिडलेल्या एका उमेदवाराने अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली व त्यातच पुढे त्यांचा अंत झाला. या घटनेने सुधारणेच्या मागणीस जोर आला आणि १८८३ च्या पेंडलटन कायद्याने गुणवत्तेनुसार भरतीचे तत्त्व मान्य झाले. भरती गुणवत्तेने झाली तरी बडतर्फी लहरीने होऊ शकते, हा अनुभव आल्यावर १९१२ चा कायदा झाला. म्हणजे कार्यक्षमतेची अट ही मुळात वरिष्ठांच्या लहरीला घातलेली वेसण होती.

परंतु या अटीत एक पोकळी राहून गेली होती. कार्यक्षमता म्हणजे काय आणि ती कशाने घटते याचा निर्णय प्रथम खात्यानेच करावयाचा असे. न्यायालये बहुधा एवढेच पाहत की नोटीस दिली होती काय आणि उत्तर घेतले होते काय. कारण योग्य होते की नाही यात शिरण्याचे ती टाळीत. शांततेच्या काळात ही पोकळी कोणास जाणवली नाही. भयाचा काळ आल्यावर तिचे परिणाम दिसू लागले.

तो काळ १९५० साली आला. त्या वर्षी ९ फेब्रुवारीस सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी वेस्ट व्हर्जिनियातील व्हीलिंग येथे परराष्ट्रखात्यात साम्यवादी शिरले असल्याचे भाषण केले. त्याच महिन्याच्या २८ तारखेस परराष्ट्रखात्याचे एक उपसचिव जॉन प्युरिफॉय यांनी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष देताना सांगितले की, खात्यातून संशयास्पद वर्गातील ९१ माणसे गेली असून त्यांतील बहुतेक समलिंगी होती. खाते स्वच्छ आहे हे दाखविण्यासाठी केलेले हे विधान उलटेच ठरले. एवढी माणसे एका खात्यात, तर इतर खात्यांत किती, असा प्रश्न वर्तमानपत्रांनी व विरोधी पक्षाने उचलून धरला. सिनेटर क्लाइड होई यांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी समिती नेमली गेली आणि १९५० च्या डिसेंबरात तिचा अहवाल प्रसिद्ध झाला.

होई समितीने समलिंगी व्यक्ती सरकारी नोकरीस अपात्र आहेत असा निष्कर्ष काढला, आणि त्यासाठी दोन कारणे दिली. अशा व्यक्तींचे मन व शील दुर्बल असते, हे पहिले; त्यांचे गुपित हाती आलेला शत्रूचा हेर त्यांना धमकावून राष्ट्राची गुपिते काढून घेईल, हे दुसरे. दुसऱ्या कारणाच्या पुष्ट्यर्थ समितीने ऑस्ट्रिया-हंगेरीचा हेरखात्यातील अधिकारी कर्नल आल्फ्रेट रेडल याचे उदाहरण पुढे केले. रेडलने १९१३ साली आत्महत्या केली होती. अमेरिकेतील उदाहरण हवे असता सदतीस वर्षांपूर्वीच्या व्हिएन्नाकडे वळावे लागले, ही गोष्टच पुराव्याच्या दारिद्र्याची साक्ष देते.

या युक्तिवादाची रचनाही ध्यानात घेण्याजोगी आहे. गुपित फुटले तर नोकरी जाईल, या भीतीमुळे माणूस धमकीला बळी पडू शकतो. आणि तो बळी पडू शकतो म्हणून त्याची नोकरी काढून घ्यावयाची. धोका ज्या नियमातून उत्पन्न होतो त्याच नियमाचे समर्थन त्या धोक्याने करावयाचे, असे हे वर्तुळ होते. धमकीचा एक खराखुरा प्रकार त्या काळात घडला, पण त्याचे सूत्रधार परकीय हेर नव्हते. वायोमिंगचे सिनेटर लेस्टर हंट यांच्या मुलास १९५३ साली अशाच आरोपाखाली अटक झाली होती. त्या प्रकरणाचा वापर करून हंट यांनी पुन्हा निवडणुकीस उभे राहू नये म्हणून प्रतिपक्षाच्या सिनेटरांनी त्यांच्यावर दडपण आणले. १९ जून १९५४ रोजी हंट यांनी सिनेटमधील आपल्या कार्यालयात स्वतःवर गोळी झाडून घेतली.

३

२७ एप्रिल १९५३ रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी १०४५० क्रमांकाचा शासकीय आदेश काढला. राष्ट्रनिष्ठेची चौकशी ट्रूमन यांच्या काळापासून, म्हणजे १९४७ पासून, चालू होतीच. नव्या आदेशाने निष्ठेबरोबर सुरक्षिततेची कसोटी साऱ्या खात्यांना लागू केली आणि सुरक्षिततेला बाधक अशा गोष्टींच्या यादीत ‘लैंगिक विकृती’ हे शब्द घातले. आता कर्मचाऱ्याची निष्ठा निःसंशय असली तरी भागत नव्हते. शेतकी खात्यातील लेखनिक आणि संरक्षणखात्यातील गुप्तलेखनतज्ज्ञ यांना एकच माप लागू झाले.

चौकशीची पद्धत बहुधा ठरलेली असे. पोलिसांच्या नोंदी, निनावी पत्रे, शेजाऱ्यांचे जबाब यांतून नाव वर येई. मग कर्मचाऱ्यास एका खोलीत बोलावून दोन चौकशी अधिकारी प्रश्न विचारीत व ओळखीच्या इतर व्यक्तींची नावे मागत. राजीनामा दिल्यास कारण बाहेर फुटणार नाही, असे सुचविले जाई. पुष्कळांनी राजीनामे दिले. परिणामी, जे लढले त्यांच्या फाइली अभिलेखागारात आहेत. जे मुकाट्याने गेले त्यांचे नाव राजीनाम्यांच्या यादीत हरवले आहे. अशा कर्मचाऱ्यांची संख्या हजारांत मोजावी लागते याविषयी इतिहासकारांत मतभेद नाही. मात्र नेमका आकडा सांगणे या गुप्ततेमुळेच अवघड होऊन बसले आहे. डेव्हिड जॉन्सन यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सरकारी कागदपत्रे व बडतर्फ व्यक्तींच्या मुलाखती यांच्या आधारे हे प्रकरण प्रथमच सविस्तर मांडले. साम्यवाद्यांविरुद्धच्या मोहिमेचे ते एक उपप्रकरण होते, ही रूढ समजूत त्यांनी खोडून काढली. मॅकार्थी यांचा प्रभाव १९५४ च्या अखेरीस ओसरला. ही बडतर्फी त्यानंतर वीस वर्षे चालू राहिली.

येथे ज्ञान आणि शासन यांच्यातील अंतराचाही विचार केला पाहिजे. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हुकर यांनी १९५७ साली आपले संशोधन प्रसिद्ध केले. समलिंगी व इतर पुरुषांच्या मानसचाचण्यांचे निकाल, कोणाचा कोणता हे न सांगता, तज्ज्ञांपुढे ठेवले असता त्यांना दोन गटांत फरक करता आला नाही, असे तीत दिसून आले. त्याच वर्षी अमेरिकन नौदलाने नेमलेल्या क्रिटेंडन समितीने समलिंगी व्यक्ती सुरक्षिततेस विशेष धोकादायक असतात या मतास भक्कम आधार नाही असे नमूद केले. पण तो अहवाल जवळजवळ दोन दशके दडवून ठेवण्यात आला. होई समितीच्या दोन्ही कारणांचे खंडन अशा रीतीने १९५७ मध्येच झाले होते. धोरण मात्र जागचे हलले नाही. याचा अर्थ असा घ्यावा लागतो की धोरणाचा पाया पुराव्यावर कधी नव्हताच; आणि जे पुराव्यावर उभे नाही ते पुराव्याने पडत नाही. ते पाडावयाचे तर पुरावा देण्याची जबाबदारी कोणाची हाच प्रश्न न्यायालयात उभा करावा लागतो.

४

तो प्रश्न उभा करण्याचे श्रेय फ्रँक कॅमेनी यांना दिले पाहिजे. १९२५ साली जन्मलेले कॅमेनी हे दुसऱ्या महायुद्धात लढलेले सैनिक व हार्वर्ड विद्यापीठातून १९५६ साली डॉक्टरेट मिळविलेले खगोलशास्त्रज्ञ होते. १९५७ साली ते सैन्याच्या नकाशाखात्यात रुजू झाले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेस खगोलशास्त्रज्ञांची तीव्र निकड भासू लागली. नेमक्या त्याच सुमारास, पूर्वी सॅन फ्रान्सिस्को येथे झालेल्या अटकेच्या नोंदीवरून कॅमेनी यांची चौकशी झाली. खासगी आयुष्याविषयीच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे त्यांनी नाकारले व त्यांना बडतर्फ करण्यात आले. पाठोपाठ मुलकी सेवा आयोगाने सर्वच सरकारी नोकऱ्यांची दारे त्यांना बंद केली. सुरक्षिततेच्या परवान्याशिवाय त्यांच्या शास्त्रात खासगी नोकरीही मिळण्यासारखी नव्हती.

कॅमेनी दोन न्यायालयांत हरले. वकिलांनी हात टेकल्यावर, बेकारीत अन्नालाही महाग झालेल्या या गृहस्थाने सर्वोच्च न्यायालयाकडे करावयाचा अर्ज स्वतः लिहिला. त्यापूर्वीचे बहुतेक अर्जदार आपण समलिंगी नाही किंवा आरोप सिद्ध झालेला नाही एवढेच म्हणत. कॅमेनी यांनी आरोपाच्या सत्यासत्यतेचा वाद बाजूस ठेवला आणि धोरणालाच आव्हान दिले. वंश किंवा धर्म यांवरून नागरिकांत भेद करणे जसे अन्यायाचे, तसेच हेही. नागरिकांच्या एका संपूर्ण वर्गास सरकार दुय्यम ठरवू शकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९६१ च्या मार्चमध्ये न्यायालयाने अर्ज दाखल करून घेण्यास नकार दिला.

कायद्याच्या दृष्टीने हा पराभवच होता. पण त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कॅमेनी व जॅक निकोल्स यांनी ‘मॅटशीन सोसायटी ऑफ वॉशिंग्टन’ ही संस्था स्थापन केली, आणि एका माणसाच्या तक्रारीस संघटित स्वरूप आले. चौकशीस बोलावल्यास काय करावे, कोणत्या प्रश्नास उत्तर देण्याचे बंधन नाही, सही कशावर करू नये, याविषयी ही संस्था कर्मचाऱ्यांना मार्गदर्शन करी. १७ एप्रिल १९६५ रोजी तिच्या मोजक्या सभासदांनी व्हाइट हाउसपुढे निदर्शने केली. २६ जून रोजी ती मुलकी सेवा आयोगाच्या दाराशी झाली. पुरुषांनी कोट व टाय आणि स्त्रियांनी झगे घालूनच यावे असा कॅमेनी यांचा दंडक होता. नोकरी मागणाऱ्याने नोकरीस योग्य दिसले पाहिजे, हा त्यामागील विचार. पुढच्या पिढीला हा दंडक भित्रेपणाचा वाटला. पण ज्या काळात निदर्शनात उभे राहणे म्हणजे स्वतःच्या हाताने राजीनामा लिहिणे होते, त्या काळाच्या मापानेच तो मोजला पाहिजे.

५

न्यायालयांतील वळण १९६५ साली आले. ब्रूस स्कॉट हे मजूरखात्यातील माजी कर्मचारी. त्यांनी स्पर्धा-परीक्षा देऊन पुन्हा नोकरीसाठी अर्ज केला होता. परीक्षेत ते उत्तीर्ण झाले, पण ‘समलिंगी वर्तन’ एवढे कारण देऊन आयोगाने त्यांना अपात्र ठरविले. १६ जून १९६५ रोजी कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने स्कॉट यांच्या बाजूने निर्णय दिला. मुख्य न्यायाधीश डेव्हिड बॅझेलॉन यांच्या मते असा मोघम शिक्का पुरेसा नव्हता. कोणते वर्तन, आणि त्याचा कामाच्या योग्यतेशी संबंध काय, हे आयोगाने सांगितले पाहिजे. असा शिक्का माणसाला आयुष्यभर पुरतो, म्हणून तो मारणाऱ्यावर स्पष्टीकरणाची जबाबदारी येते. खंडपीठातील एक न्यायाधीश वॉरन बर्गर यांनी याविरुद्ध मत नोंदविले. हेच बर्गर पुढे सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश झाले.

संबंध सांगा, असे न्यायालयाने म्हटल्यावर आयोगाला प्रथमच आपली कारणे शब्दांत मांडावी लागली. १९६६ च्या फेब्रुवारीत आयोगाचे अध्यक्ष जॉन मेसी यांनी मॅटशीन सोसायटीस पाठविलेल्या पत्रात ती आढळतात : सहकाऱ्यांना अशा व्यक्तीची किळस वाटेल, जनतेचा सरकारवरील विश्वास उडेल, कामाच्या ठिकाणी गैरवर्तनाची भीती राहील. हे पत्र अभ्यासकाच्या दृष्टीने मोलाचे आहे. होई समितीच्या हेराचे नाव यात मागे पडले आहे. उरली आहे ती इतरांची नापसंती. ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्या अंगी दोष नसून पाहणाऱ्याच्या मनात तिटकारा आहे, आणि त्या तिटकाऱ्याची किंमत मात्र पहिल्याने मोजावयाची, असा हा न्याय झाला. आपल्याकडील अस्पृश्यतेच्या समर्थनाचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांस हा युक्तिवाद अपरिचित वाटू नये.

या युक्तिवादाची परीक्षा क्लिफर्ड नॉर्टन यांच्या खटल्यात झाली. नॉर्टन हे अंतराळसंशोधन संस्था ‘नासा’ येथे अंदाजपत्रक विश्लेषक होते. १९६३ च्या ऑक्टोबरात एका रात्री त्यांनी लाफायेट चौकाजवळ एका पुरुषास मोटारीत घेतले व परत सोडले, एवढे पाहून पोलिसांनी त्यांचा पाठलाग केला, वाहतुकीच्या गुन्ह्याचे निमित्त करून चौकीत नेले आणि त्यांच्या लैंगिक आयुष्याविषयी प्रश्न विचारले. ‘नासा’च्या सुरक्षा अधिकाऱ्यास तेथे बोलावण्यात आले, पुढची उलटतपासणी पहाटेपर्यंत कार्यालयात चालली. नॉर्टन यांचे काम चांगले असल्याचे त्यांच्या वरिष्ठांनी मान्य केले होते. तरी संस्थेची नाचक्की होईल म्हणून त्यांना काढण्यात आले.

१ जुलै १९६९ रोजी त्याच अपील न्यायालयाने ही बडतर्फी अवैध ठरविली. निकाल पुन्हा बॅझेलॉन यांचाच होता. समाजातील बहुसंख्यांच्या रूढ आचारसंहितेची अंमलबजावणी कर्मचाऱ्यांच्या खासगी आयुष्यात करणे हे सरकारी खात्याचे काम नव्हे. नाचक्कीची शक्यता सांगून भागत नाही. वर्तन आणि सेवेची कार्यक्षमता यांत अपेक्षिता येईल असा निश्चित संबंध दाखविला पाहिजे, असा त्याचा आशय आहे. कचेरीत एखाद्याने दुसऱ्यास त्रास दिला तर गोष्ट वेगळी, हेही न्यायालयाने सांगून ठेवले. तीनच दिवसांपूर्वी, २८ जूनच्या पहाटे, न्यू यॉर्कमधील स्टोनवॉल या मद्यगृहावर पोलिसांनी धाड घातली होती व तेथे दंगल उसळली होती. लोकस्मृतीत ती दंगल राहिली. नॉर्टन यांचा निकाल विस्मृतीत गेला. परंतु १९१२ च्या कलमातील पोकळी या निकालाने भरून काढली. सिद्धतेचा भार आता खात्यावर पडला.

६

एका न्यायालयाचा निकाल साऱ्या देशास बांधील नसतो. आयोगाने धोरण बदलले नाहीच. १९७३ साली सॅन फ्रान्सिस्को येथील जिल्हा न्यायालयात एका बडतर्फ भांडारलेखनिकाच्या वतीने व त्याच्यासारख्या सर्वांच्या वतीने खटला चालला. न्यायाधीश झिरपोली यांनी, केवळ समलिंगी आहे म्हणून कोणासही अपात्र ठरवू नये, असा आदेश आयोगास दिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकन मनोरोगतज्ज्ञांच्या संघटनेने समलिंगी कल मनोरोगांच्या यादीतून काढून टाकला. अखेर ३ जुलै १९७५ रोजी आयोगाने नवे नियम जाहीर केले आणि एका पिढीची बंदी उठली. १९७८ च्या मुलकी सेवा सुधारणा कायद्याने कामावर विपरीत परिणाम न करणाऱ्या वर्तनावरून भेदभाव करण्यास मनाई केली, तेव्हा नॉर्टन निकालातील तत्त्वास विधिमंडळाची मान्यता मिळाली.

या विजयाच्या मर्यादा लपविण्याचे कारण नाही. पहिली मर्यादा अशी की हा हक्क प्रथम मौन पाळणाऱ्याचा होता. सिएटल येथील एका टंकलेखकास, त्याने आपला कल उघडपणे प्रकट केला व प्रसिद्धी मिळविली या कारणास्तव काढण्यात आले होते. १९७६ साली एका अपील न्यायालयाने ती बडतर्फी उचलून धरली. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्दबातल केला, पण ‘असा, पण दिसू नकोस’ हा सल्ला कचेऱ्यांतून बराच काळ दिला जात राहिला. दुसरी मर्यादा सुरक्षा परवान्याची. मुलकी नोकरी खुली झाली तरी गुप्त कागद हाताळण्याच्या परवान्यात लैंगिक कल आडवा येऊ नये, असा आदेश निघण्यास १९९५ साल उजाडले. भेदभावाविरुद्ध सर्व मुलकी खात्यांस लागू होणारा अध्यक्षीय आदेश १९९८ चा.

तिसरी मर्यादा सर्वांत मोठी. कार्यक्षमतेचे कलम सरकारी नोकरांपुरते होते. खासगी मालकास अमेरिकन रूढीप्रमाणे कारण न देताही माणूस काढता येई. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाने वंश, धर्म, लिंग इत्यादींवरून होणाऱ्या भेदभावास बंदी केली. परंतु ‘लिंग’ या शब्दात लैंगिक कल येत नाही, असे न्यायालये अनेक दशके म्हणत आली. १९८२ साली विस्कॉन्सिन राज्याने स्वतंत्र कायदा करून पहिले पाऊल टाकले. १५ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बोस्टॉक खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की, पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषास काढावयाचे आणि पुरुषावर प्रेम करणाऱ्या स्त्रीस ठेवावयाचे, तर तो लिंगावरूनच केलेला भेद होय. हे तर्कशास्त्र न्यायाधीश गॉर्सच यांनी १९६४ च्या शब्दांतूनच काढले. पुन्हा एकदा शब्द तेच राहिले आणि त्यांना विचारलेला प्रश्न बदलला.

७

हा इतिहास मराठी वाचकास दूरदेशीचा वाटण्याचा संभव आहे. पण आपल्या राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदाने सरकारी नोकरास चौकशीवाचून बडतर्फीपासून जे संरक्षण दिले आहे, त्याचे अमेरिकन कलमाशी नाते उघड आहे. आणि १९६४ च्या केंद्रीय मुलकी सेवा वर्तन नियमांतील ‘सरकारी नोकरास अशोभनीय’ हे शब्द ‘कार्यक्षमते’हूनही अधिक लवचीक आहेत. शोभा कोणाच्या दृष्टीची, हा प्रश्न तेथेही उरतोच. भारतात त्यास १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ व्या कलमाची जोड होती, त्यामुळे खासगी वर्तन हाच गुन्हा ठरत असे.

या प्रश्नाची सर्वांत वेदनादायक नोंद एका मराठीच्या अध्यापकाच्या नावावर आहे. ‘पायाखालची हिरवळ’ या काव्यसंग्रहाचे कवी डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवीत व आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. फेब्रुवारी २०१० मध्ये काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या राहत्या घरात घुसली व त्यांचे खासगी क्षण चित्रित केले. दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ फाउंडेशन खटल्यात प्रौढांचे संमतीचे खासगी संबंध गुन्ह्यातून वगळल्यास त्या वेळी सात महिने झाले होते. तरीही विद्यापीठाने घरात घुसणारांपेक्षा घरात असणाऱ्यास दोषी मानले आणि गैरवर्तनाच्या आरोपावरून सिरस यांना निलंबित केले. निवृत्तीस काही महिनेच उरले होते. ते अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. १ एप्रिल २०१० रोजी न्यायालयाने खासगीपणाच्या हक्काचा निर्देश करून निलंबनास स्थगिती दिली. ७ एप्रिल रोजी अलीगढमधील भाड्याच्या घरात सिरस मृतावस्थेत आढळले. त्या मृत्यूचे गूढ पुरते उकलले नाही.

कागदावर सिरस जिंकले होते. लैंगिक वर्तन आणि अध्यापनाची योग्यता यांचा संबंध काय, हा नॉर्टन निकालातील प्रश्न त्यांच्याही प्रकरणाच्या गाभ्याशी होता. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने नाझ निकाल फिरविला. २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात ३७७ वे कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते घटनाबाह्य ठरले. या निकालाचा नोकरीच्या क्षेत्रात उपयोग कसा होतो हे २०२१ साली दिसून आले. बुलंदशहर येथील एका होमगार्डची नेमणूक अशाच एका चित्रफितीवरून रद्द झाली होती. जोहर निकालाचा आधार घेऊन अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो आदेश मोडीत काढला व त्यास कामावर घेण्यास सांगितले. मात्र घटनेतील समतेचे अनुच्छेद प्रामुख्याने शासनसंस्थेस बांधतात. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्याने खासगी आस्थापनांतील भेदभावासही मनाई केली. लैंगिक कलाविषयी असा स्वतंत्र कायदा संसदेने केलेला नाही. अमेरिकेत १९७५ आणि २०२० यांच्या दरम्यान जी दरी होती, ती आपल्याकडे अशा रीतीने शिल्लक आहे.

८

या इतिहासातून दोन निष्कर्ष काढता येतात असे वाटते. पहिला पद्धतीविषयीचा. नोकरीच्या हक्कांचा इतिहास गाजलेल्या निकालांवरून लिहिला तर तो विजयांचा इतिहास होतो. पण प्रत्येक नॉर्टनमागे राजीनामा देऊन निघून गेलेली असंख्य माणसे होती, आणि सिरस यांचा निकाल लागला तरी त्याचे फळ त्यांच्या हाती पडले नाही. निकालाची तारीख आणि न्यायाची तारीख या एक नव्हेत, हे अभ्यासकाने स्मरणात ठेवले पाहिजे. कॅमेनी यांच्याकडे अमेरिकन सरकारने औपचारिक क्षमायाचना केली ती २००९ साली, म्हणजे बडतर्फीनंतर बावन्न वर्षांनी. त्यांचे खगोलशास्त्र मात्र त्यांस परत मिळाले नाही. २०११ साली ते वारले.

दुसरा निष्कर्ष तत्त्वाचा. ‘कार्यक्षमता’, ‘शोभा’, ‘विश्वास’ हे शब्द स्वतः ना न्यायाचे असतात ना अन्यायाचे. नोकरी काढून घेणाऱ्याने संबंध सिद्ध केला पाहिजे असा आग्रह असेल तेथे ते ढालीसारखे वापरता येतात. तो आग्रह सुटला की त्यांची तलवार होते. ज्या संस्थांत चौकशी समित्या बसतात व गैरवर्तनाचे अर्थ ठरविले जातात, त्यांत विद्यापीठेही आहेत. म्हणून हा प्रश्न आपणांस परका नाही. एखाद्या सहकाऱ्याविरुद्ध कागद पुढे येईल तेव्हा, या वर्तनाचा त्याच्या कामाशी संबंध काय, असे समितीतील एका तरी सभासदाने विचारले पाहिजे. वॉशिंग्टनमध्ये हा प्रश्न न्यायालयाच्या मुखातून निघण्यास १९५० पासून १९६५ पर्यंत पंधरा वर्षे लागली, आणि तेवढ्या काळात हजारो माणसे निघून गेलेली होती.